मावशीच्या परड्यातला कॅमेरा

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा मागं टाकून बाचीकडं निघालं की दोन्ही बाजूंना भाताची आणि रताळ्याची रानं लागतात. थोडं पुढं शिनोळी, तिथून महाराष्ट्र. या पट्ट्यातल्या एका गावात माझी मावशी राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती घरात एकटी असते आणि हे सगळं तिच्या दारा-कवाडांबद्दल आहे.

वय ६८. मावसा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्यात नोकरीला, मी बेळगावात टिळकवाडीत. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. पुढं रस्त्याला लागून ओटा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. परड्यात रिकामा गोठा, न्हाणी, एक फणस आणि शेताकडच्या पाणंदीत उघडणारं कवाड. भिंती दीड फूट जाडीच्या. ही जाडी लक्षात ठेवा, पुढं तिनं बराच त्रास दिला.

गेल्या वर्षी कार्तिकी एकादशीला मावशी देवळात भजनाला गेली होती. नऊच्या सुमारास परतली तर मागचं दार सताड उघडं. तांब्याचा हंडा, दोन घागरी आणि पडवीत ठेवलेलं मोटारीच्या केबलचं वेटोळं गेलं होतं. तिला कुणी हातही लावला नाही, कपाटही उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोलिसात तक्रार दिली. हंडा तिच्या सासूचा होता. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे तिची झोप गेली. रात्री परड्यात पान पडलं तरी उठून बसायची, आणि उठली की दार उघडून बघायची. एकटी बाई, अंधारात, हातात बॅटरी घेऊन.

मावसभावानं त्याच रात्री पुण्यातून कॅमेरा मागवला. बल्बच्या होल्डरात बसणारा, मान फिरवणारा, मोबाईलवर दिसणारा. आईच्या काळजीनं त्याला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि त्या घाईत मीही होतो. रविवारी जाऊन मीच तो ओट्यावर लावला, कारण तिथं होल्डर होता. मागून चोर आला आणि आम्ही कॅमेरा पुढं लावला.

पहिले सहा महिने

ओट्यावरून रस्ता दिसतो. त्यामुळं शाळेची पोरं, म्हशी, दूधवाला, ट्रॅक्टर, जो जाईल त्याची सूचना पुण्यात वाजायची. दिवसाला शंभरावर. दहा दिवसांत भावानं सूचना बंद केल्या. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभर वाजणारी घंटा कुणालाच ऐकू येत नाही.

रात्रीचं चित्र आणखी वाईट. अशा कॅमेऱ्याभोवती अवरक्त प्रकाशाचे छोटे दिवे असतात. डोळ्याला ते जवळजवळ दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याला त्यांच्या उजेडात दिसतं. आमच्या वळचणीच्या फळ्यांना पांढरा रंग आहे आणि कॅमेरा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता. सगळा उजेड फळीवर आदळून परत भिंगात यायचा. वर पांढरा धबधबा, खाली काळोख. त्यात कोळ्यानं भिंगापुढं जाळं विणलं. दिव्याकडं किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, आणि जाळ्याचा धागा वाऱ्यानं हलला की कॅमेऱ्याला वाटतं, कुणीतरी आलं.

मग शिवरात्रीच्या आसपास एका रात्री परड्यात कुणीतरी वावरल्यासारखं मावशीला वाटलं. सकाळी तिनं फोन केला. भावानं रेकॉर्डिंग उघडलं तर शेवटची चित्रफीत तीन आठवड्यांपूर्वीची. आत घातलेलं मेमरी कार्ड मोबाईलमधलं साधं होतं. सतत लिहून-पुसून ते निकामी झालं होतं आणि त्याची सूचना कुणाला आलीच नव्हती. निदान आली असेल तर त्या शंभरांत बुडाली. कॅमेऱ्यात कार्डच घालायचं असेल तर सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्यावं, आणि महिन्यातून एकदा मागच्या आठवड्यातला कुठलाही दिवस उघडून बघावा. हिरवा दिवा लागलाय यावर विश्वास ठेवू नये.

पण त्या कॅमेऱ्याचा खरा निकाल मावशीनं लावला. उन्हाळ्यात ती दुपारची ओट्यावर बसते, तांदूळ निवडते, कधी तिथंच आडवी होते. एक दिवस भावाचा फोन आला, "आई, तू आज दोन वाजेपर्यंत जेवली नाहीस." त्याच्या मनात माया होती, यात शंकाच नाही. मी पुढच्या रविवारी गेलो तर कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला.

मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "त्यो तिकडनं बघूलालाय म्हणून मी माझ्या ओट्यावर नीट बसूबी नको काय? चोराला बघायला आणलासा आणि मलाच बघत बसलासा."

आणि मग तिनं जे विचारलं ते आम्हा दोघांपैकी कुणी सहा महिन्यांत विचारलं नव्हतं. "रात्री परड्यात वाजलं तर काय हाय ते मला दिसंल काय? दार न उघडता?"

कॅमेरा कुणासाठी, याचं उत्तर त्या प्रश्नात होतं. रात्री दीड वाजता पुण्यात चित्र दिसलं तरी भाऊ पाच-सहा तास लांब. मी बेळगावात असलो तरी अर्धा-पाऊण तास. कडीला हात घालायचा की नाही हे ठरवणारी एकच व्यक्ती, आणि नेमकं तिलाच काही दिसत नव्हतं. तिच्याकडं साधा बटणांचा फोन आहे. कॅमेऱ्याचं अॅप इंग्रजीत, शिक्षण मराठी सातवीपर्यंत. म्हणून आम्ही सगळी मांडणी तिच्या पलंगापासून सुरू केली.

आधी कडी, मग दिवा

मागच्या दाराची चौकट तपासली. कडीचे खिळे धरणारं लाकूड कुजून भुसा झालं होतं, चोरानं नुसता खांदा दिला असणार. सुताराकडून तेवढा तुकडा सागवानी बदलून घेतला, आतून लोखंडी अडणा टाकला आणि पाणंदीच्या कवाडाला कुलूप. परड्यात हालचाल झाली की आपोआप लागणारा एक एलईडी दिवा बसवला. एवढ्याला अडीच हजारही लागले नाहीत, आणि माझ्या मते या प्रकरणात सुरक्षिततेच्या नावावर खर्च झालेले हे सगळ्यात उपयोगी पैसे. ज्या दाराची कडी खिळखिळी आहे त्या दाराचा कॅमेरा फार तर चोरी कशी झाली ते दाखवील.

भिंगाचं गणित

आता कॅमेरे. दुकानदार विचारतो, "किती मेगापिक्सेल?" पण आधी हे ठरवावं लागतं की चित्रात काय ओळखू यायला हवं. यासाठी आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत पट्टी दिलेली आहे. समोरच्या दृश्याच्या एका मीटर रुंदीत २५ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, मिळाले तर कुणीतरी आहे एवढं कळतं, १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो आणि अनोळखी माणसाची खात्रीनं ओळख पटवायला २५० लागतात.

२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. बाजारात बहुतेक वेळा २.८ मिलिमीटरचं भिंग हातात देतात, कारण त्यात सगळं अंगण मावतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्याचा कोन साधारण १०५ अंशांचा. मावशीच्या मागच्या दारापासून पाणंदीचं कवाड टेपनं मोजलं तर ७ मीटर. तेवढ्या अंतरावर हे भिंग सुमारे १८ मीटर रुंदीचं दृश्य पकडतं. १९२० भागिले १८, म्हणजे मीटरला जेमतेम १०५ पिक्सेल. दिवसा गावातला माणूस चालीवरून ओळखू येईल, पण रात्री परक्याच्या चेहऱ्याचा नुसता डाग. ६ मिलिमीटरच्या भिंगाचा कोन साधारण ५२ अंश. त्याच ७ मीटरवर रुंदी ७ मीटरच्याही आत येते आणि मीटरला २८० पिक्सेल मिळतात. गोठ्याचा कोपरा चित्रातून गेला, पण कवाडातून येणाऱ्याचा चेहरा आला. गोठा रिकामाच आहे.

पुढं ओट्यावर उलट परिस्थिती. दारात उभा राहणारा माणूस कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर असतो. तिथं २.८ चंच भिंग सुमारे साडेसहा मीटर रुंदी पकडतं आणि मीटरला २९० च्या वर पिक्सेल देतं. म्हणजे एकाच घरात दोन भिंगं, आणि मेगापिक्सेल वाढवायची गरज नाही. हे आकडे ढोबळ आहेत, कंपनीगणिक कोन थोडा बदलतो. म्हणून कॅमेरा पक्का करण्याआधी मी अंधार पडल्यावर कवाडाशी उभा राहिलो, भाचीनं आत पडद्यावर बघून सांगितलं, "मामा, तोंड दिसूलालंय, मिशी बी दिसूलाल्या." मगच भोकं पाडली.

उंची साडेआठ फूट ठेवली. त्याहून वर गेलं की नुसते डोक्याचे भोवरे दिसतात. वळचणीच्या फळीपासून कॅमेरा हातभर खाली आणि पुढं घेतला, त्यामुळं तो पांढरा धबधबा गेला. दर पंधरवड्याला केरसुणीनं जाळं काढायचं काम मावशीनं स्वतःकडं घेतलं.

तार, वीज आणि आपला पाऊस

बिनतारी कॅमेऱ्याला इथं मी सरळ नाही म्हटलं. बहुतेक घरगुती कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर चालतात. सोप्यातल्या राउटरपासून परड्यापर्यंत चिऱ्याच्या तीन भिंती आडव्या येतात. फोनवर तिथं एक कांडी दिसायची, तीही असून नसून. आम्ही पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेरे घेतले. एकाच नेटवर्कच्या तारेतून वीजही जाते आणि चित्रही येतं, आणि १०० मीटरपर्यंत चालतं. तार घेताना आत शुद्ध तांबं आहे की वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम, हे दुकानात टोक सोलून आणि चाकूनं खरवडून बघा. आतून पांढरं दिसलं तर परत करा. लांब अंतरावर अशा तारेत वीज पुरेशी पोचत नाही आणि पावसाळ्यात जोड लवकर सडतात.

कॅमेरे आयपी६७ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारे आहेत, धो धो पावसाला ते पुरतात. पाणी शिरतं ते मागच्या जोडात. तार थेट वरून जोडात आली तर पागोळीचं पाणी तिच्यावरून ओघळत आत जातं. म्हणून जोडाच्या आधी तारेला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथंच टपकतो. जोड प्लॅस्टिकच्या डबीत बंद केले आणि तार पाईपातून नेली, कारण माळ्यावर उंदीर आहेत. फणसाच्या फांदीवर कॅमेरा बांधायची कल्पना होती, ती सोडली. वळवाच्या विजा या भागात जबरदस्त असतात, आणि झाडावरून घरात येणारी तांब्याची तार ही विजेला दिलेली वाट आहे. जवळ कडकडाट सुरू झाला की मावशी एकच प्लग काढते. त्या वेळात रेकॉर्डिंग नसलं तर नसू दे.

वीज जाणं हे इथलं नेहमीचं. दोन कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून ३५ वॉटच्या आसपास खातात, घरातल्या इन्व्हर्टरवर रात्र निघते. रेकॉर्डर माजघरात, धान्याच्या कणगीमागं. समोरच ठेवला असता तर चोरानं हंड्याबरोबर तोही उचलला असता. आत १ टेराबाईटची डिस्क. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहितो, म्हणजे दोघं मिळून दिवसाला ४३ जीबी, म्हणजे निदान एकवीस दिवसांचं साठतं, मग सगळ्यात जुनं पुसलं जातं.

खर्च असा आला: दोन कॅमेरे ४,६००, पीओईची सोय असलेला चार कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ५,५००, डिस्क ४,०००, तार १,२००, पाईप-डब्या-मजुरी २,५००. एकूण १७,८०० रुपये. महिन्याची वर्गणी नाही.

आणि पलंगाशेजारी माझ्या घरातला जुना, संगणकाचा मॉनिटर. रेकॉर्डरची तार थेट त्याला. इंटरनेट असो वा नसो, उशाजवळचं बटण दाबलं की दोन चौकोन दिसतात. डावीकडं ओटा, उजवीकडं परडं. मावशीला शिकवायला दोन मिनिटं लागली.

न्हाणीचा कोपरा

तारा ओढून होतात न होतात तोच शेजारच्या वैनी कुंपणापाशी आल्या. रागात नव्हत्या, पण पदर आवळून धरलेला होता. "दादा, आमच्या न्हाणीकडं बघूलालाय काय तुमचा कॅमेरा?"

त्यांचा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. त्यांची न्हाणी आमच्या परड्याला लागून, वर उघडी, आणि कॅमेऱ्याच्या चित्रात तिचा एक कोपरा खरंच येत होता. 'नाही हो, काळजी नको' म्हणून वेळ मारून नेणं मला जमलं नसतं. त्यांना आत बोलावलं, पडद्यापुढं बसवलं आणि विचारलं, कुठपर्यंत झाकू? रेकॉर्डरमध्ये 'प्रायव्हसी मास्क' नावाची सोय असते, चित्राच्या ठरावीक भागावर काळी पट्टी बसते आणि तो भाग रेकॉर्डही होत नाही. त्यांनी बोटानं दाखवलं तिथपर्यंत पट्टी ओढली. मग कॅमेराही थोडा आत वळवला, म्हणजे उद्या कुणी पट्टी काढली तरी न्हाणी दिसू नये.

कायद्याचं सांगायचं तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही, हे खरं. पण तेवढ्यानं मोकळीक मिळत नाही. न्हाणी-कपडे बदलण्यासारख्या खासगी वेळी स्त्रीला बघणं किंवा तिचं चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. आणि खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, ते ज्यांच्या याचिकेवर ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. पण मला वाटतं, वैनींच्या बाबतीत कलमांपेक्षा तो पडद्यापुढचा पाट महत्त्वाचा ठरला. आता त्यांच्या घरावरून जाणारी पाणंदही आमच्या कॅमेऱ्यात येते आणि ती त्यांच्या संमतीनं येते.

चाव्या कुणाकडं

बसवायला आलेल्या पोरानं काम चोख केलं, पण जाताना सगळी मांडणी स्वतःच्या फोनवरच्या खात्यात नोंदवून ठेवली होती. त्यात त्याचा वाईट हेतू असेलच असं नाही, दुरुस्तीला सोयीचं म्हणून अनेकजण तसं करतात. पण मग तुमच्या परड्याची चावी परक्याच्या खिशात राहते. आम्ही त्याच्यासमोरच रेकॉर्डर पुसून पुन्हा सुरू केला, मावशीच्या नावानं नोंदवला, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर याच एका ढिलाईमुळं ताब्यात घेतले होते: पासवर्ड बदललेलेच नव्हते. नवा पासवर्ड कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय. खरेदीच्या वेळी आणखी एक बघा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्हींना सरकारनं ठरवलेली सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. स्वस्तात गळ्यात मारला जाणारा जुना माल त्याआधीचा असू शकतो.

पुण्याच्या भावाला फक्त परड्याचा कॅमेरा दिसतो. ओट्याचा नाही. हे मावशीनं ठरवलं, आणि त्याला सांगायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

पुन्हा काही घडलंच तर काय करायचं तेही एका कागदावर लिहून ठेवलंय. आधी ११२. मग रेकॉर्डर बंद करायचा नाही, नुसती वेळ लिहून ठेवायची आणि एकवीस दिवस उलटायच्या आत तेवढा भाग उतरवून घ्यायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात त्या फाईलची हॅश किंमत, म्हणजे फाईलमधूनच गणितानं निघणारा, बोटाच्या ठशासारखा तिची ओळख सांगणारा आकडा, लिहायची असते. मोबाईलनं पडद्याचा काढलेला व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरवून हे काम होत नाही. रेकॉर्डरचं घड्याळ दर महिन्याला मी फोनवरून मावशीला विचारून तपासतो.

श्रावणातली रात्र

श्रावणात एका रात्री अडीचच्या सुमारास परड्यातला दिवा लागला आणि कुंपण मोडल्याचा आवाज आला. वर्षभरापूर्वी मावशी उठून दार उघडती. या वेळी तिनं बटण दाबलं. उजव्या चौकोनात गवा उभा होता, भला थोरला, फणसाखाली. तिनं अडणा आहे का ते हातानं चाचपलं आणि वैनींना फोन लावला, "दार उघडू नका, गवा हाय." तो पाऊण तास होता. मग पाणंदीनं गेला. सकाळी तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात मी कार्तिकापासून पहिल्यांदा हुशारी ऐकली.

हंडा मिळालेला नाही. मिळेल असं वाटतही नाही.

दिवाळीला भाऊ आला तेव्हा त्यानं आणखी एक कॅमेरा माजघरात लावू का विचारलं. आई न्हाणीत किंवा चुलीपाशी पडली तर कळणार कसं, ही त्याची धास्ती. धास्ती खरी आहे, माझ्याही मनात आहे. मावशी म्हणाली, "घराच्या आत नको." मग तिघांनी बसून दुसरा मार्ग काढला. बिनतारी घंटा आणली, दोन बटणांची. एक बटण न्हाणीच्या भिंतीला हात पोचेल इतक्या खाली, दुसरं चुलीजवळ, आणि घंटा वैनींच्या घरात. पहिल्या दिवशी न्हाणीतून दाबलं तर वाजलीच नाही. पुन्हा त्याच दीड फुटी भिंती. घंटा वैनींच्या सोप्यातून काढून त्यांच्या मागच्या खिडकीत टांगली, तेव्हा तिसऱ्या दाबाला वाजली. पुढच्या रविवारी नव्या सेलवर पुन्हा तपासायचीय, दारं बंद करून.